फुलाआत्याचे खलाशी

पंचफुला, राहणार दारव्हा, बुद्धविहारामागची गल्ली, हिच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, पुसदच्या एका शाळेच्या सभागृहात, काचेच्या पेटीवरची फीत कापली गेली तेव्हा. पेटीत हातभर लांबीचं सागवानी जहाज होतं. जहाजात बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं वल्ही मारत होती. पेटीवर पाटी होती, 'व्हायकिंग जहाज व खलाशी', आणि खाली एकच नाव. ते नाव जहाज करणाऱ्याचं. माणसं करणारी बाई त्या पेटीपासून चार हातांवर नव्या चपला घालून उभी होती.

आत्या, झालं माझं पत्रक सुरू. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आली पुढारीणबाई. आधी चहा तर पे, मंग पेटव जग."

तू गेल्याला अजून महिना व्हायचा आहे. तुझं दुखणं, दवाखाना, रिपोर्ट, यातलं काही मी इथे लिहिणार नाही. ज्यांना हवं त्यांनी घरी यावं. बाबा सांगतील. बहीण गेल्यापासून ते येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत बसलेत, आणि ऐकणारा उठला की मला विचारतात, "नीट सांगतलं ना मी?"

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक उभे राहून बोलले. कष्टाळू होती, मनमिळाऊ होती, कोणाला कधी उलटून बोलली नाही. मी मागे बसले होते. इतकं रडू येत असताना मला हसू फुटलं. उलटून बोलली नाही? तू सुलटं कधी बोललीस ते मला कोणी सांगावं. मनमिळाऊ म्हणे! हार्डवेअरवाल्याशी तुझं गळती बुजवायच्या लांबीच्या पुडीवरून जे वाजलं होतं ते अख्ख्या बाजारानं ऐकलं होतं. "दगड झाली लांबी तुही," तू त्याला ओरडली होतीस, "तुह्या काळजावानी!" आणि पुढच्या बाजाराला पुन्हा त्याच्याचकडे गेलीस, कारण दुसऱ्याकडची लांबी तुला बोटाला पिठूळ लागायची.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. सगळ्यांना वाटलं पोर खचली. खचले नव्हते. मला जे बोलायचं होतं ते तिथल्या लोकांना बोलून उपयोग नव्हता. ते पुसदला बोलायचं होतं. आणि तुझ्याशी बोलायचं होतं, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय.

सुरुवातीपासून सांगते. तुला नव्हे, वाचणाऱ्यांना. तू ऐक आणि मध्ये मध्ये चुका काढ.

आपल्या घरात पोळ्याला बैल पूजत नाहीत. पण गावात पूजले जाणारे कितीतरी मातीचे बैल आपल्याच ओसरीवर वाळायचे. पोळा जवळ आला की मला चालायला जागा नसायची. मी शाळेतून आले की तू ओरडायचीस, "पाय पाहून ठेव, जोडी मोडशील!" जोडी. तुझ्या तोंडी एकटा बैल यायचाच नाही. उजवा आणि डावा तू एकाच बैठकीत, एकाच मातीतून करायचीस. एकाची मान जराशी आत, दुसऱ्याची बाहेर. एक शांत, एक खोडील. वाळताना एखादा तडकला तर त्याचा चांगला जोडीदारही तू बाजारात पाठवायची नाहीस. "एकटा कुठं जाईन बिचारा," म्हणून फळीवर ठेवायचीस.

दुकानात पोळ्याआधी मांडलेले हे बैल जहाजवाल्या गुरुजींनी पाहिले. पुसदच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. नकाशावर समुद्र दाखवून दाखवून निवृत्त झाला आणि आता सागाच्या पट्ट्या वाकवून जहाजं करतो. मुलीकडे दारव्ह्याला आले होते. दुकानदाराला खोदून खोदून विचारलं आणि छत्री टेकत आपल्या दारात उभे.

"बाई, तुम्ही माणसं करता का?"

"नाही," तू म्हणालीस. "बैल बरे. त्याईचं तोंड आपल्याले कळते."

त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. लांबोडकं जहाज, दोन्ही टोकं वर वळलेली, बाजूनं गोल ढाली, आत दाढीवाले. हजारेक वर्षांपूर्वीचे, उत्तरेकडच्या थंड मुलखातले दर्यावर्दी, व्हायकिंग. जहाज मला येतं, गुरुजी म्हणाले, माणसं येत नाहीत. मी केली की ती खुंट्यांसारखी दिसतात.

तू मोबाइल हातात घेतलास. चित्र मोठं केलंस, बारीक केलंस. पूस धरणापेक्षा मोठं पाणी तू कधी पाहिलं नव्हतंस. तरी तू विचारलंस ते पाण्याबद्दल नव्हतं.

"तरणे दिसते हे, अन् केस काहून मक्याच्या कणसावानी?"

"तिकडे तसेच असतात."

"अन् घरी कोण आहे याईच्या?"

तिथेच मला कळलं की तू हो म्हणणार.

पहिला खलाशी तू मातीचा केलास आणि त्याला शिंगं लावलीस. गल्लीतल्या एका पोराच्या दप्तरावर शिंगवाल्या टोपाचा व्हायकिंग होता, त्यावरून. काय शिंगं होती ती! खिलारी बैलालाही हेवा वाटावा अशी. गुरुजींनी तो हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "बाई, खरे व्हायकिंग शिंगं नव्हते घालत. ते मागून कोणीतरी चित्रांत लावलंय."

तू ब्लेड घेऊन शिंगं कापलीस आणि ते गेल्यावर मला म्हणालीस, "जनमभर शिंगं केली. एक चीज मले झोपेतही जमते, अन् तेवढीच नाही म्हणते."

मातीची माणसं प्रवासात मोडतील म्हणून मग ती नळाची गळती बुजवायची लांबी आली, दोन रंगांच्या दोन गोळ्या एकत्र मळायच्या तसली. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा. लांबी दगड व्हायच्या आत नाक, कान, बोटं, सगळं उरकायचं. तुझी हत्यारं म्हणजे छत्रीची एक काडी, एक बाभळीचा काटा आणि तुझ्या अंगठ्याचं नख. दाढ्यांना तू आधी खरंच मक्याच्या कणसाचे केस लावलेस. दोन दिवस सोन्यासारखे दिसले आणि मग वाळून चहाच्या पत्तीसारखे काळे झाले. "म्हातारे झाले एका रात्रीत," तू म्हणालीस. मग अंबाडीचे धागे सोडवून लावले. ते टिकले.

खाली अंथरायला तुला कागद लागायचे आणि माझ्याकडे कागदांची कमी नव्हती. वसतिगृहाच्या मेसबद्दलची पत्रकं, एसटीच्या पासबद्दलची पत्रकं, वाटून उरलेली. ओल्या लांबीला शाई चिकटायची. एका खलाशाच्या तळपायावर 'जाहीर' उमटलं होतं, उलटं. मी म्हटलं पुसून टाक. तू म्हणालीस, "राहू दे. तुहे शब्द कुठंतरी तर पोचले."

तुझे टोमणे मला तेव्हा लागायचे. आज सांगते, मी पत्रक लिहायला जिथे कुठे शिकले असेन, छाटायला तुझ्याजवळ शिकले. लांबी मळता मळता तू म्हणायचीस, वाच. मी वाचायचे. "जुलमी, मनमानी, दडपशाहीच्या..." तू हात थांबवायचीस. "काय झालं ते सांग ना वं आधी. वरणात किडे निघाले का नाही?" निघाले. "मंग वरणात किडे निघाले असं लिही." मी तसं लिहिलं आणि पहिल्यांदा त्या मेसचं वरण बदललं. तुझे आभार मी त्या पत्रकात मानले नव्हते. इथे मानते.

खलाशी करतानाही तू बैलांचीच रीत लावलीस. एका फळीवर दोन माणसं बसतात, एक उजव्या वल्ह्यावर, एक डाव्या. झालं. तुला दुसरं काही सांगावंच लागलं नाही. तू त्यांच्या जोड्या जुळवल्यास. रंगरूपावर नव्हे, स्वभावावर. मी ओसरीवर बसून पाहत होते आणि तू एकेकाला उचलून मला ओळख करून देत होतीस.

"हा आळशी. पाह्य, वल्हं कसं धरलं, जसं कोणी दुसराच ओढून राह्यला. म्हणून याच्या बाजूले हा तापट. हा त्याले निजू देत नाही."

"आणि हे दोघं?"

"हे भाऊ. बोलत नाही एकमेकाशी. पण ताल पाह्य, एक आहे."

"कशावरून भांडले?"

"तुले काय करायचं? त्याईच्या घरचं आहे ते."

एका पोरसवद्या खलाशाच्या बाजूला तू एक म्हातारा बसवला होतास. म्हाताऱ्याची मान किंचित पोराकडे झुकलेली, जोखडातला जुना बैल नव्या गोऱ्ह्याकडे झुकतो तशी. एवढ्याशा मानेत तू ते कसं आणलंस, मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "जमलं. मोठी कारागीर आहे मी, मालूम नाही का तुले?" गंमत नव्हती ती. तू खरंच तसं समजायचीस आणि मला ते फार आवडायचं. आपल्या गल्लीत बाई स्वतःला मोठी म्हणते असं मी आणखी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग गुरुजींनी सांगितलं की सगळे पाठमोरे बसवायचे. वल्ही मारणाऱ्याची पाठ जहाजाच्या तोंडाकडे असते. तू चक्रावलीस. बैल काय मागे पाहून चालतो?

"मंग पुढचं कोणाले दिसते?"

"सुकाणूवर जो उभा असतो, मागच्या टोकाला, त्याला. बाकीचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत वल्ही मारतात."

"एकट्यालेच दिसते?"

"एकट्यालाच."

तू दोन दिवस काही केलं नाहीस. मग सुकाणूवाले दोन केलेस. एक पुरुष, डोळे बारीक करून लांब पाहणारा. आणि त्याच्या बाजूला उभी बाई. हात वर, तोंड उघडं.

गुरुजींचा फोन आला तो तू स्पीकरवर टाकलास, कारण तुझे हात लांबीनं भरलेले होते. "बाई, सुकाणूला एकच माणूस असतो हो. पुस्तकात, चित्रात, सगळीकडे एकच आहे."

"असन. पण एवढ्या पाण्यात एकट्याले मी नाही पाठवत."

"अहो, पण दोघं मावायला..."

"जागा करा. जहाज तुमचं आहे गुरुजी, माणसं माही आहेत."

गुरुजी हसले. मग म्हणाले, "बघतो. मागची फळी एक बोट वाढवावी लागेल." आणि त्यांनी ती वाढवली. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहिते आहे. पुढे त्यांच्यावर रागवायचं आहे, म्हणून आधी हे.

मी त्या बाईकडे निरखून पाहिलं. "ही का ओरडते आहे?"

"दोघं झाले तर एकानं पाहावं अन् एकानं बोंबलावं. नाही तर समोरचा खडक या बाकीच्याईले कसा समजन?"

"आत्या, हे तोंड..."

"मंग. तुहंच आहे. दुसऱ्या कोणाचं एवढं उघडते?"

मी काहीतरी उलटं बोलले असेन. आठवत नाही. तू तिला रंग देत होतीस आणि मी तुझ्याकडे पाहत होते, एवढं आठवतं.

आता तो रविवार.

तू सकाळपासून तयार होतीस. निळी साडी, नव्या चपला. जीपमध्ये मागच्या बाकावर आपण चौघींमध्ये चेपून बसलो आणि तू पुसद येईपर्यंत सगळ्या जणींना सांगितलंस की जहाज पाहायला चाललो. एकीनं विचारलं, "पुसदले कुठलं आलं जहाज?" तू म्हणालीस, "आमच्या घरून गेलं." म्हणजे जीपमध्ये तू सांगू शकत होतीस. हे मी लक्षात ठेवलंय.

सभागृहात भाषणं झाली, फीत कापली, टाळ्या झाल्या. मी पाटी वाचली. मी एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि तोंड उघडणार एवढ्यात तुझी चिमटी माझ्या दंडावर. "गप राह्य."

"आत्या, वाच तरी काय लिहिलंय."

"वाचलं. गप राह्य म्हटलं ना."

लोक पांगले आणि एक बाई आपल्या मुलीला घेऊन पेटीशी आली. सात-आठ वर्षांची मुलगी, नाक काचेला लावून. तू सरकत सरकत तिच्या बाजूला गेलीस. मी मागे होते. सगळं ऐकत होते.

"हा पाह्य," तू तिला म्हणालीस. "हा आळशी आहे. अन् हा याले चिमटे काढते."

मुलगी हसली. "आणि हे?"

"हे भाऊ भाऊ. बोलत नाही, पण वल्हं संगं मारते."

"आणि ही बाई का ओरडते?"

"तिचं कामच ते आहे."

मुलीची आई कौतुकानं म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं सगळं माहीत?"

आत्या, तो क्षण होता. सगळं सभागृह त्या एका प्रश्नाएवढं झालं होतं. तू जहाजाकडे पाहिलंस, तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "दिसते ना तोंडावरून." आणि बाजूला झालीस. ती बाई 'हो का' म्हणून पुढच्या टेबलाकडे गेली, तिथे थर्माकोलचा किल्ला होता.

परतीच्या जीपमध्ये मी फुटले. मी म्हटलं, उद्याच पत्रक काढते, गुरुजींना जाब विचारते, शाळेला विचारते. तू खिडकीबाहेर पाहत होतीस. मग म्हणालीस, "गुरुजीले काही म्हणू नको. त्याईनं पुसलं होतं मले. मीच नको म्हटलं."

"काय?"

"नाव टाकू का म्हणे बाई. मी म्हटलं नको."

मी इतक्या जोरात "का?" म्हटलं की पुढच्या बाकावरचा म्हातारा वळला. आणि मग तू मला ते सांगितलंस. इतकी वर्षं मागच्या खोलीत राहिलीस, माझ्या वेण्या घातल्यास, माझी पत्रकं छाटलीस आणि हे कधी सांगितलं नव्हतंस.

"मी तवा तुह्या वयाची. पोळ्याच्या आधीच्या बाजारात पोतं टाकून बसलेली. एका बाईनं जोडी घेतली. लय निरखून घेतली. डोळे पाह्यले, वशिंड पाह्यलं. म्हणे, किती साजरे केले वं, कोणाचे? मी म्हटलं, माहेच. म्हणे, कुठची तू? मी सांगतलं, विहारामागची. काही नाही बोलली. जोडी घेऊन गेली. सांजच्याले वापस आली अन् पोत्यावर ठेवून गेली. म्हणे, घरी आधीच दुसरी आणली आहे."

"मग?"

"मंग काय. ठेवताना एकाचं शिंग मोडलं. तवापासून दुकानात देते. दुकानदार सांगत नाही, कोणी पुसत नाही. बैल देवघरात बसते."

"आणि तू?"

"मी माह्या घरी बसते. मले काय देवघरात बसायचं आहे?"

जीपमधल्या दोघी हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, "अगं पण हे बैल नाहीत! खलाशी आहेत! यांची पूजा कोण करतं?"

"वापस करणारा काही पण वापस करते," तू म्हणालीस. "नाव सांगतलं का माल वापस येते. तू वाट पत्रकं. माहे माणसं जहाजात बसले, बसू दे."

मी म्हटलं, हे घाबरणं आहे. तू म्हणालीस, हा धंदा आहे. मी म्हटलं, तुझ्यासारख्या प्रत्येकीनं असंच केलं तर लोकांना वाटेल बैल आभाळातून पडतात. तू म्हणालीस, वाटू दे, पडत तर आहेत ना. दिग्रसला ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "ताई, भांडण जरा रोका, उतरणाऱ्याले उतरू द्या." आपण पाय आवरले. बाया उतरल्या. नंतर तू म्हणालीस, "घरी जाऊन बोलू."

घरी जाऊन आपण बोललो नाही. त्याच आठवड्यात तुझं दुखणं निघालं आणि मग तुझ्याशी बोलायचं ते पाणी देऊ का, पाय दाबू का, एवढंच उरलं. एकदा मी विषय काढला होता. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "तुह्या त्या बाईचं तोंड बंद होत नाही ना." मी म्हटलं, नाही. तू हसलीस. तो होकार होता की फक्त हसणं, हे मला माहीत नाही. मी ते माझ्या सोयीनं वाचणार नाही. तू नको म्हणाली होतीस, हेच खरं धरून पुढचं लिहिते.

गुरुजी भेटायला आले. बाबांच्या बाजूला सतरंजीवर बसले. माणूस खरंच हललेला होता. चष्मा काढून पुसत होते आणि पुन्हा घालायचं विसरत होते. बाबांनी विचारलं, "गुरुजी, त्यातला एखादा माणूस आम्हाले आठवणीले मिळन का?"

गुरुजी ओशाळले. "निघत नाहीत हो आता. मी पक्कं चिकटवलंय. एक काढायचा म्हटला तर फळीसकट येईल. जहाजच मोडेल."

बाबा म्हणाले, "राहू द्या मंग." आणि मी दाराशी उभी राहून विचार करत होते. निघत नाहीत.

मी गुरुजींना बाहेर गाठलं. "पाटीवर तिचं नाव लावा."

"पोरी, बाईंनीच नको म्हटलं होतं."

"तिनं का नको म्हटलं होतं, ते विचारलं होतं तुम्ही?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बैलांची जोडी, पोतं, सांज, सगळं. ऐकून त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मला वाटलं बाई संकोचतात." तुला ओळखणारा माणूस, आत्या, ज्याला तू फोनवर 'जागा करा' म्हणून दटावलं होतंस, त्याला वाटलं तू संकोचतेस! पण त्यांना दुसरं काही सुचलं नसेल, कारण त्यांना तसा कधी कोणी माल परत केलेला नाही.

ते म्हणाले, मी सांगतो शाळेला, पण जहाज मी शाळेला देऊन टाकलंय, पाटी त्यांची आहे. मी शाळेत फोन केला. ज्यांच्याशी बोलणं झालं ते सभ्यपणे बोलले. त्यांचं म्हणणं असं की पाटी छापून झाली आहे, आणि "ताई, इतके लोक येऊन गेले, एकानंही विचारलं नाही की माणसं कोणी केली. लोक विचारत असते तर आम्ही लावलंच असतं."

फोन ठेवल्यावर मी पत्रक लिहायला बसले. जुलमी, मनमानी, सगळे शब्द आले. मग तुझं ऐकलं आणि काय झालं तेवढंच लिहिलं. ते तुम्ही आता वाचताहात.

आत्या, आता तुझ्याशी शेवटचं. तू नाव नको म्हणालीस कारण नाव सांगितलं की माल परत येतो. बरोबर होतीस तू. तुझ्या अनुभवापुढे माझ्या घोषणा काही नाहीत, हे मी त्या जीपमध्ये मान्य केलं नाही, आज करते. पण तुझी ही माणसं परत येऊ शकत नाहीत. गुरुजींनीच सांगितलं. कोणाला तुझं नाव ऐकून कसंतरी झालं तरी त्याला तो म्हातारा, तो पोर, ते अबोल भाऊ उचलून तुझ्या पोत्यावर ठेवता येणार नाहीत. त्याला जहाज मोडावं लागेल. तुझी भीती खरी होती आणि ती संपली आहे. म्हणून मी तुझं ऐकणार नाही. रागाव. मला तुझं रागावणं हवंच आहे. घर फार शांत झालंय. मागच्या खोलीत लांबीचा वास अजून येतो. बाबा तिथलं दार उघडं ठेवतात, मी बंद करते, ते पुन्हा उघडतात, आणि या विषयावर आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाही.

तू माझ्यासाठी जे केलंस ते मोठं होतं आणि मी ते वेळेवर म्हटलं नाही. तुझी माणसं सुंदर आहेत, हेही मी तुला कधी तोंडावर म्हटलं नाही, कारण तू स्वतःच ते इतक्या वेळा म्हणायचीस की माझी पाळीच यायची नाही.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी.

जहाज पुसदच्या त्या शाळेत सुट्ट्या लागेपर्यंत ठेवलेलं आहे. तिकीट नाही. पुसदचे असाल तर चालत जा. दारव्ह्याचे, घाटंजीचे असाल तर जीप धरा. लेकरांना न्या. पेटीसमोर उभे राहा आणि आधी निवांत पाहा, घाई करू नका, तापट माणूस कोणता ते शोधा. मग तिथे जो कोणी बसलेला असेल त्याच्याकडे जा आणि सरळ विचारा, जहाज गुरुजींचं, पण ही माणसं कोणी केली? पाटीकडे बोट दाखवतील. म्हणा, पाटी वाचली, माणसं कोणी केली ते सांगा. माहीत नाही म्हणतील. म्हणा, ज्याला माहीत आहे त्याला बोलवा, आम्ही थांबतो.

पंचफुलाचं नाव तुम्ही सांगू नका. ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. येईपर्यंत काचेसमोरून हलू नका.